डुकरं राखणाऱ्या बायका

(ट्रॉम्बे येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. – संपादक मंडळ)



'बाईचं न दिसणारं काम' हा आजच्या मेळाव्याचा विषय ठरला आणि मी म्हटलं, मी डुकरं राखणाऱ्या बायकांवर बोलते. आपल्याच बैठकीत हशा पिकला. मग एकीनं सुचवलं, पत्रिकेत 'वराहपालन' असं छापू या, बरं दिसेल. बरं कुणाला दिसेल, हा प्रश्न तिथंच राहिला. वराह म्हटलं की तो देवाचा अवतार, त्याच्या मूर्तीपुढं आपण हात जोडतो. डुक्कर म्हटलं की शिवी. सरकारी अर्जावर 'वराहपालन' लिहिलेलं असतं. एक अर्ज मी वस्तीत वाचून दाखवत होते, तर समोरची बाई मला म्हणाली, "ताई, हे कशाचं पालन म्हणायचं?" ती जन्मापासून डुकरांत वाढलेली. तिच्या धंद्याचं सरकारी नाव तिला ठाऊक नव्हतं, कारण ते नाव ठेवताना तिला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून मी आज डुक्कर असंच म्हणणार आहे.

आपण बसलोय त्या जागेबद्दल दोन शब्द सांगते. माहुल-ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर १९५४-५५ मध्ये तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले. अणुऊर्जेचं केंद्र १९५४ सालचं. त्यानंतर विजेचं केंद्र, खताचा कारखाना. देवनारचा कचरा डेपो त्याही आधीचा, १९२७ चा. देवनारचा कत्तलखाना १९७१ चा, आणि त्यात डुकरांसाठी वेगळा विभाग आहे. आणीबाणीत, १९७६ साली जनता कॉलनी उठवून लोकांना चीता कॅम्पमध्ये आणून टाकलं, ते तर इथल्या बऱ्याचजणींच्या घरातल्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. एवढं सगळं मोठं मोठं बसल्यावर ज्या फटी उरल्या त्यांत माणसं राहिली, आणि माणसांच्या फटीत त्यांची जनावरं.

मी ज्या कुटुंबाबद्दल सांगणार आहे ते कैकाडी. बहात्तरच्या दुष्काळात सोलापूरकडून आलेलं. नाव सांगत नाही, कारण "आमचं नाव घेऊ नका, गाडी येईल" असं त्यांनी बजावलंय. आपण त्यांना मावशी म्हणू. कैकाडी लोकांचा मूळ धंदा टोपल्या, कणग्या विणण्याचा. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात अशा कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलिसांच्या नजरेतून कुठं रद्द झाला? आणखी एक गंमत बघा. विदर्भात कैकाडी अनुसूचित जातीत, आणि सोलापूर-साताऱ्यात तेच लोक विमुक्त जातीत. एकाच आजीच्या दोन नातवंडांना दोन वेगळे दाखले. टोपल्यांचा धंदा प्लास्टिकनं खाल्ला, गाढवांचं काम टेम्पोनं खाल्लं. डुकरं तेवढी राहिली. नागराज मंजुळ्यांचा 'फँड्री' २०१३ चा, तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. त्यातला जब्या डुक्कर धरताना शाळेतली पोरं हसतात, ते आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याच सिनेमात आई आणि बहिणीही कामाला जुंपलेल्या आहेत, हे किती जणींना आठवतंय?

मावशींकडं तीन डुकरिणी आहेत. नर नाही. नर पलीकडच्या वस्तीतल्या चुलत दिराचा, आणि त्याच्या बदल्यात दर वेताला एक पिल्लू द्यावं लागतं. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी विते, म्हणजे साधारण ११४ दिवस. मावशींना आकडा विचारला तर हसतात. त्यांचा हिशेब अवसेचा. "दिवाळीच्या अवसेला नर दावला, की चौथी अवस यायच्या चार दिवस आधी पिल्लं." मी घरी जाऊन पंचांग घेऊन मोजलं. चार अमावास्या म्हणजे ११८ दिवस, त्यातून चार गेले ११४. पुस्तकाला जे अंकात सांगावं लागतं ते ही बाई चंद्रावर मोजते. म्हणजे दिवाळीला नर दाखवला तर पिल्लं शिवरात्रीच्या पुढंमागं, आणि सगळा फाल्गुन पिल्लांच्या मागं.

आपल्याकडं वसंत म्हटलं की पळस फुलला, आंबा मोहरला, कोकिळा ओरडली. इथं खाडीच्या कडेला वसंताची पहिली खूण म्हणजे दुपारी दोनला खरकट्याचा पिंप फसफसायला लागतो. थंडीत सकाळी आणलेलं खरकटं संध्याकाळपर्यंत टिकतं. फाल्गुनात दुपारीच आंबतं. म्हणजे दोनदा आणायचं, किंवा एकदा आणून लगेच उकळायचं.

खरकटं आणायचं काम पुरुषाचं मानतात. रात्री अकरानंतर हॉटेलं बंद होताना मावशींचे मालक हातगाडी घेऊन जातात, दोन पिंप भरून आणतात. ते काम जड आहे, मी कमी लेखत नाही. पण पिंप दारात टेकवला की त्यांचं काम संपलं. मग मावशी आणि थोरली सून बसतात निवडायला. भातातून दात कोरायच्या काड्या, प्लास्टिकच्या पिशव्या, फुटक्या बशीचे तुकडे, लिंबाच्या साली, रबरं, कधी टाचण्या. हातमोजे घालून भाताचं शीत कळत नाही म्हणून मोजे नाहीत. सुनेच्या हातावर चिरांच्या खुणा आहेत. निवडून झालं की मोठ्या पातेल्यात अर्धा तास तरी खळखळून उकळायचं. हे उकळणं महत्त्वाचं आहे. २०२० साली आसाम-अरुणाचलकडं आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा रोग भारतात पहिल्यांदा सापडला. तो माणसाला होत नाही, पण खुराड्यात शिरला तर जवळजवळ सगळी डुकरं जातात. न उकळलेल्या खरकट्यातून, मांसाच्या तुकड्यांतून तो पसरतो. तज्ज्ञ सांगतात उकळा. बरोबरच आहे. पण उकळायचं म्हणजे जळण कुणी आणायचं, चुलीपुढं फाल्गुनाच्या उन्हात कुणी बसायचं, धूर कुणाच्या छातीत जायचा, हे त्या पत्रकात लिहिलेलं नसतं. मावशींचं जळण म्हणजे बांधकामावरच्या फळ्या. त्यांत खिळे असतात, कधी रंग दिलेला असतो. तो धूर वेगळाच खवखवतो.

मग पाणी. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. आपण 'डुकरासारखा घाम' कधी म्हणत नाही, हे एका अर्थी बरोबरच आहे. त्याला अंग थंड करायला पाणी नाहीतर चिखल लागतो. पाणी मिळालं नाही तर ते जे ओलं सापडेल त्यात लोळतं, आणि आपण म्हणतो घाणेरडं जनावर. पुरेशी जागा दिली तर डुक्कर झोपायच्या जागी घाण करत नाही, एका कोपऱ्यात करतं, हे मी स्वतः पाहिलंय. अंगावर पाजणारी डुकरीण दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी पिते. तीन डुकरिणी म्हणजे साठ लिटर, आणि धुण्याचं वेगळं. नळ पहाटे साडेचारला येतो, पाऊण तास. त्या पाऊण तासात सात माणसांचं पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि डुकरांचं पाणी भरायचं. कपडे? "कपडं परवा धुवायचं," मावशी म्हणतात. घरातल्या पाण्याची ही वाटणी रोज कोण करतं, आणि त्यात स्वतःची आंघोळ शेवटी कोण ठेवतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आता व्यायची रात्र. डुकरीण व्यायच्या आदल्या दिवशी घर बांधते. पेंढा, चिंध्या, कागद, जे मिळेल ते तोंडानं ओढून एका जागी रचते. मावशी मुद्दाम जुनी लुगडी, पोती तिच्यापुढं टाकतात. सडातून दूध यायला लागलं की रात्र जागायची. तीन-चार तास चालतं, एकेक पिल्लू पंधरा-वीस मिनिटांनी. पिल्लू पडलं की त्याचं नाक-तोंड पुसायचं, नाळ दोऱ्यानं बांधून कापायची, औषध लावायचं आणि उचलून सडाशी धरायचं. पहिला चीक पोटात गेला पाहिजे, नाहीतर पिल्लाच्या अंगात रोगाशी झुंजायची ताकदच येत नाही. पुढच्या सडांना दूध जास्त असतं. दोन-तीन दिवसांत प्रत्येक पिल्लू आपला सड ठरवून घेतं आणि मग शेवटपर्यंत तोच धरतं. दांडगं पिल्लू पुढं, किडकं मागं. मावशी पहिल्याच रात्री किडक्या पिल्लाला पुढच्या सडाला लावून हातानं धरून बसतात. "एकदा त्याचं झालं की त्याचं झालं," त्या म्हणतात.

आणि मग आईच पिल्लांना चिरडते. शंभर-सव्वाशे किलोची आई, किलोभराची पिल्लं, आठ बाय सहाची जागा. ती कुशीवर पडताना एखादं खाली सापडतं. मावशींनी भिंतीच्या कडेनं वीतभर उंचीवर बांबू ठोकलाय, म्हणजे आई भिंतीला टेकली तरी बांबूखालच्या फटीत पिल्लू वाचतं. हे त्यांना कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. तरी पहिले तीन दिवस राखण करावीच लागते. दुसरी अडचण अशी, की नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते, आणि आईला तेवढ्यात धाप लागते. एकाच खुराड्यात दोन ऋतू करायचे. कोपऱ्यात पोतं टाकून वर पिवळा बल्ब, आणि आईच्या अंगावर मात्र ओलं गोणपाट. बल्बची वायर शेजारणीच्या घरातून. त्या वायरीचे पैसे मावशी देतात, आणि ते त्यांच्या घरखर्चातून जातात, धंद्याच्या हिशेबात नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन द्यायचं असतं, कारण डुकरिणीच्या दुधात लोह अगदी कमी. ते मिळालं नाही तर मावशी पिल्लांपुढं स्वच्छ लाल माती ठेवतात. जनावरांचे डॉक्टरही मातीचा हा उपाय सांगतात. पुढं नर पिल्लांचं खच्चीकरण, लस, आणि आठव्या आठवड्याला तोडणी, म्हणजे आईपासून वेगळं करणं.

हे सगळं होत असताना फाल्गुनात घरात आणखी काय चाललेलं असतं? मुलांच्या परीक्षा. इथं मला जरा थांबायचंय.

मावशींची धाकटी मुलगी दोन वर्षांपूर्वी नववीत होती. त्या फाल्गुनात दोन डुकरिणी एका आठवड्यात व्याल्या. तीन-तीन रात्रींची जागरणं, सुनेला दिवस गेलेले, म्हणून राखणीला मुलगी. पिवळ्या बल्बखाली ती पुस्तक घेऊन बसायची. पण पिल्लू ओरडलं की उठायचं, आणि पिल्लं काही विचारून ओरडत नाहीत. ती नववी कशीबशी सुटली. शाळेत बाईंनी विचारलं, झोप का येते? ती काहीच बोलली नाही. डुकरं आहेत असं वर्गात कोण सांगणार?

पुढचं वर्ष दहावीचं. २०२५ साली दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि १७ मार्चपर्यंत चालली. दिवाळीला नर आणला असता तर पिल्लं नेमकी पहिल्या पेपरच्या सुमाराला. मावशींनी ते दिवाळीलाच मोजलं. डुकरीण दर एकवीस दिवसांनी माजावर येते. मावशींनी तिन्ही डुकरिणींचे दोन माज सोडून दिले. नर आणायचा निरोप पाठवला तो सहा आठवडे उशिरा. मालक चिडले. त्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं. शिवरात्रीची पिल्लं चैत्र-वैशाखात विकायला तयार होतात, तेव्हा गिऱ्हाईक असतं. एप्रिलची पिल्लं जूनमध्ये तुटतात, आणि पावसाळ्यात खुराड्यात पाणी शिरतं. "एका परीक्षेसाठी अख्खं वेत नासवायचं का?" असं ते म्हणाले. घरात दोन आठवडे बोलणं बंद होतं. मावशींनी भांडण केलं नाही. नर आणायला माणूस पाठवायचं काम त्यांचं होतं, ते त्यांनी केलं नाही, इतकंच.

परीक्षेच्या काळात खुराडं शांत होतं. मुलगी पास झाली. पिल्लं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली, आणि जूनच्या पावसात त्यांतली चार गेली. मालक अजून ती चार पिल्लं काढतात. मावशी काही बोलत नाहीत.

आपण 'निर्णयप्रक्रियेत स्त्रियांचा सहभाग' असं नेहमी म्हणतो. मीही समाजकार्याचं शिक्षण घेताना त्यावर पानंच्या पानं लिहिली. ग्रामसभेत किती बायका बोलल्या, सहीच्या जागी कुणाची सही, असे निकष लावायचो. मावशींच्या या निर्णयाची कुठं नोंद नाही. त्या कुठं बोलल्या नाहीत, सही केली नाही. त्यांच्या हातात फक्त जनावराच्या अंगाचं ज्ञान होतं आणि तेवढ्यावर त्यांनी घराचं वर्षाचं वेळापत्रक बदललं. हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "आवं, माज सोडला, त्यात काय?"

मग प्रश्न येतो पैशाचा. या भागात विक्रीचं एक चक्र आहे. राखेच्या बुधवारपासून ख्रिस्ती कुटुंबांचा उपवासकाळ सुरू होतो, चाळीस दिवस. गावठाणातली अनेक ईस्ट इंडियन घरं त्या काळात मांस कमी करतात किंवा सोडतात. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजार मंद. ईस्टर आला की एकदम उठतो. सोरपोतेल, विंदालू, आणि मग मे महिन्यातली लग्नं. हे चक्र मावशींना तिथीवार पाठ आहे. त्या हिंदू, पण ईस्टर कधी ते शेजारच्या कॅथलिक बाईच्या आधी सांगतात. गिऱ्हाईक मात्र दारात येऊन विचारतं, "मालक आहेत का?" वजनकाटा नसतो, डोळ्यानं अंदाज घेऊन उक्ता भाव ठरतो. दोन पुरुष खुराड्यापाशी उभे राहून ठरवतात, मावशी आत. एकदा मी मुद्दाम तिथं थांबले. भाव ठरताना मावशींनी आतून भांडं आपटलं. मालकांनी भाव वाढवला. नंतर विचारलं तर म्हणाल्या, भांडं आपटलं म्हणजे कमी सांगितलं. ही त्या दोघांची भाषा आहे आणि ती चालते. पण पैसे मोजून घेतात मालक, आणि ते खिशात गेले की त्यांचा हिशेब भांड्यानं लागत नाही.

तीनांतली एक डुकरीण मावशींना त्यांच्या आईनं दिलेल्या डुकरिणीच्या वंशातली. लग्नात सोनं नव्हतं, पाट लावून देताना आईनं एक पाठ दिली. ती मावशींची, असं घरात सगळे मानतात. तिची पिल्लं कुणाची? मी विचारल्यावर मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "डुकरीण माझी. पिल्लं घराची." सोनं माहेरचं असलं तरी त्याला पिल्लं होत नाहीत, म्हणून स्त्रीधनाच्या कायद्याच्या चर्चेत हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. शेळ्या, कोंबड्या, डुकरं यांच्या बाबतीत तो रोजचा आहे. मूळ जनावर बाईचं आणि वाढ कुटुंबाची, म्हणजे कुटुंबप्रमुखाची. मला वाटतं आपल्या कायदा गटानं यावर बसावं.

आता थोडं सरकारबद्दल. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ चा आहे. त्यात आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय शहरात डुक्कर पाळायला मनाई आहे. मोकाट सापडलेलं डुक्कर मारून टाकता येतं आणि त्याची भरपाई मागता येत नाही. मावशींकडं परवानगी नाही. परवानगी मागायला जागेचा कागद हवा, आणि ज्या वस्तीत घराचाच कागद नाही तिथं खुराड्याचा कुठून येणार? म्हणून 'गाडी येईल' ही भीती. गाडी येते तेव्हा पुरुष कामावर असतात. डुकरं घरात कोंबायची, पिल्लं पदराखाली घ्यायची, हे बाईच करते. दुसरीकडं केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून डुक्करपालनाला पन्नास टक्के अनुदान आहे. पण त्यातला लहान प्रकल्पसुद्धा पन्नास डुकरिणी आणि पाच नरांचा. तीन डुकरिणीवाली बाई त्या कागदात बसत नाही. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून पशुपालकांनाही खुलं झालं. तिथंही जागा स्वतःची किंवा भाड्याची दाखवावी लागते. पन्नास डुकरिणींना अनुदान आणि तीन डुकरिणींना गाडी, असा हा न्याय आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातली डुकरं सुमारे ९० लाख ६० हजार भरली, २०१२ पेक्षा बारा टक्क्यांनी कमी. कमी झालेल्या त्या डुकरांमागं किती बायकांच्या हातचा पैसा गेला, ते गणनेत नाही.

रोगाची भीती तर आहेच, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. मेंदूज्वराचा एक प्रकार डुकरांच्या रक्तात वाढतो आणि डासांमार्फत माणसाला होतो. वस्तीत मुलं आहेत, शेजारी आहेत. कुणाचा आक्षेप धर्मामुळं, कुणाचा वासामुळं. त्यांचाही श्वास त्यांचाच आहे. पण भीतीचा उपयोग कसा होतो तेही पाहा. २००९ साली माणसांत फ्लूची जी साथ आली तिला 'स्वाइन फ्लू' नाव पडलं. ती माणसाकडून माणसाला होत होती. तरी इजिप्तच्या सरकारनं त्या एप्रिलमध्ये देशातली सगळी, सुमारे तीन लाख डुकरं मारायचा हुकूम काढला. कैरोत कचरा गोळा करणारे जब्बालीन लोक आहेत, बहुतेक कॉप्टिक ख्रिस्ती. पुरुष कचरा आणतात, बायका-मुली घरात बसून निवडतात, आणि ओला कचरा डुकरं खातात. डुकरं गेली, आणि काही महिन्यांत कैरोच्या रस्त्यांवर कुजक्या अन्नाचे ढीग लागले. देवनारच्या डोंगराकडं पाहत वाढलेल्या बाईला हे समजवावं लागत नाही. मावशींच्या तीन डुकरिणी रोज दोन पिंप खरकटं त्या डोंगरावर जाऊ देत नाहीत. त्याचे पैसे त्यांना कुणी दिलेत?

शेवटी आपल्यातल्या मतभेदाबद्दल बोलते, कारण तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्यातल्या काही दलित मैत्रिणींचं म्हणणं आहे की हा धंदा सुधारायचा नाही, सोडायचा आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, जातीनं गळ्यात बांधलेली कामं झुगारा असं सांगितलं. मग आज तुम्ही बाईला खुराड्यात बसवून तिच्या ज्ञानाचं कौतुक काय करता? हा प्रश्न मला बोचतो, आणि बोचावा. मावशींच्या मुलीला विचारलं तर ती एका शब्दात सांगते, नाही करणार. ती आता अकरावीत आहे, तिला नर्सिंगला जायचंय. तिला डुकरांचा वास केसांतून जात नाही याची लाज वाटते. ती लाज तिच्या आईनं दिलेली नाही, शाळेनं आणि रस्त्यानं दिली. तिनं धंदा सोडावा, हा तिचा हक्क आहे, आणि मावशींनी दोन माज सोडले ते त्यासाठीच.

पण मावशी पंचावन्नच्या आहेत. त्यांना सोडा म्हणताना त्यांच्या हातात दुसरं काय ठेवणार, ते आधी सांगावं लागेल. घरकाम मागायला गेल्या तर आडनाव विचारतात. माझं मत असं आहे की सोडायचा हक्क आणि तोवर मानानं करायचा हक्क, हे दोन्ही एकाच बाईचे असू शकतात, आणि एकाच घरातल्या मायलेकींचे तर असतातच. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आज बोलावं, वेळ आहे.

आपल्या गटानं सध्या तीन कामं हातात घेतली आहेत. पहिलं, लस आणि लोहाचं इंजेक्शन वस्तीत येऊन द्यावं यासाठी अर्ज, आणि त्यावर सह्या राखणाऱ्या बायकांच्या, मालकांच्या नव्हे. दुसरं, बाईच्या नावावर बँकेत खातं आणि विक्रीची रक्कम निदान एका डुकरिणीच्या पिल्लांपुरती त्या खात्यात. दोन घरांत हे जमलंय, एका घरात मारहाण झाली आणि आपण तिथं गेलो, ते प्रकरण चालू आहे म्हणून इथं बोलत नाही. तिसरं, वस्तीपासून दूर सामायिक खुराड्यांसाठी जागेची मागणी. त्यात एक अडचण मावशींनीच काढली. "लांब जागा दिली तर रात्री राखणीला बाईनं तिथं कसं थांबायचं? दिवा हाय का, संडास हाय का?" मागणीच्या मसुद्यात दिवा आणि संडास ही दोन्ही कलमं त्यानंतर घातली.

सह्यांचं काम येत्या रविवारी दुपारी तीनला. सकाळी ठेवू नका असं बायकांनी सांगितलंय, सकाळी पाणी असतं. येताना आधार कार्ड, असेल तर पासबुक आणावं. ज्यांच्या डुकरिणी त्या आठवड्यात विणार असतील त्यांनी निरोप द्यावा, अर्ज घेऊन आम्ही खुराड्यापाशी येऊ.